शिंपल्यांच्या बिजागरीतला फितूर

एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता, सिंह नव्हता, साधा कोल्हासुद्धा नव्हता. तोंडं वाकडी करू नका. जंगल खाडीकाठचं होतं, कांदळाच्या झाडांचं. झाडांची मुळं चिखलातून वर डोकावायची आणि भरती आली की बुडून जायची. त्या मुळांच्या पुढ्यात, मऊ चिखलात, शिंपल्यांची वसाहत होती. ज्याला गोष्टीत वाघच हवा असेल त्याने शेजारच्या घरी जावं. इथे शिंपले मिळतील.

शिंपल्याला हाडं नसतात. त्याला पाठीचा कणाही नसतो. पण त्याला दोन झाकणं असतात, आणि दोन झाकणं म्हटली की मागे बिजागरी आलीच. ही बिजागरी लोखंडाची नसते. पाठीच्या बाजूला एक काळपट, चिवट बंध असतो, रबरासारखा. झाकणं मिटली की तो ताणला जातो, आणि आतून जरा ढिलं सोडलं की तो झाकणं उघडतो. त्याला दुसरं काही येत नाही.

आतल्या बाजूला असतो स्नायू. तो झाकणं ओढून मिटतो. त्यालाही दुसरं काही येत नाही.

एक उघडतो, एक मिटतो, आणि दोघांच्या ओढाताणीवर शिंपल्याचा सगळा संसार चालतो. भरती आली की उघडायचं, पाणी आत घ्यायचं, त्यातलं काय असेल ते खायचं, श्वास घ्यायचा, शेजाऱ्याशी चार शब्द बोलायचे. ओहोटी लागली की मिटून गप्प बसायचं. मिटल्यावर बोलता येत नाही, हे लक्षात ठेवा. नंतर मला विचारू नका.

आता तुम्हाला वाटेल, वसाहतीत दोघांनाही सारखाच मान असेल. अजिबात नाही. मान सगळा स्नायूला. लग्न ठरलं की नवऱ्या मुलाला सगळ्यांदेखत मिटायला सांगत, आणि मुलीकडचे दांडगे मामा, काका त्याच्या झाकणांना आपापल्या परीने धक्के देऊन बघत. उघडला नाही तर वाहवा. कुणाचा स्नायू किती पिळदार यावर म्हातारे भरतीभर बोलत. बंधाचं नाव कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. तो बिचारा पाठीवर, बाहेरच्या अंगाला, चिखल खात पडलेला असायचा.

या वसाहतीत वासूनाना नावाचे एक शिंपले राहत. मध्यम आकार, मध्यम रंग, बुद्धी मध्यमाच्या जरा अलीकडे. त्यांचा स्नायू जन्मापासून लेचापेचा. लग्नात बायकोच्या मामाने नुसतं खाकरल्याबरोबर नाना उघडले होते. वऱ्हाड हसलं. नानांची बायको आवडाबाई, तीही हसली. पुढे तिने हा विषय कधी काढला नाही, पण वसाहतीने काढला, वर्षानुवर्षं काढला. नानांच्या मनात एकच इच्छा होती. एकदा, निदान एकदा, चारचौघांनी आपल्याकडे वळून बघावं आणि हसू नये.

अशी इच्छा फार धोकादायक असते, बाळांनो. साधी भूक लागलेला प्राणी इतकं नुकसान करत नाही.

एका मोसमात खाडीत तारामासा आला. पाच हात, डोकं नाही, घाई नाही. तो एखाद्या शिंपल्याला मिठी मारायचा, दोन्ही झाकणांना आपले चिकट पाय लावायचा आणि ओढत बसायचा. शिंपलाही आतून जोर लावायचा. पण तारामाशाची एक गंमत आहे. त्याच्या कातडीत जो बंध असतो तो त्याच्या मनाप्रमाणे वागतो. हवा तेव्हा मऊ होतो, हवा तेव्हा काठीसारखा ताठ होऊन तसाच राहतो. एकदा मिठी ताठ झाली की ती टिकवायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. शिंपल्याच्या स्नायूला मात्र क्षणाक्षणाला जोर लावावा लागतो. शेवटी स्नायू दमायचा, बोटभर फट पडायची आणि तारामासा जेवायला बसायचा. जेवून झालं की तो निघून जायचा. मागे उघडी पडलेली दोन झाकणं राहायची.

वसाहतीत घबराट पसरली. दाजीसाहेबांनी सभा बोलावली.

दाजीसाहेब म्हणजे वसाहतीतला सर्वांत मोठा शिंपला. त्यांच्या पाठीवर इतकं शेवाळ वाढलेलं होतं की ते विचारवंत वाटत. ते उंचवट्यावर बसत, त्यामुळे भरतीचं पाणी त्यांना उशिरा मिळे आणि ते त्याला त्याग म्हणत. दाजीसाहेबांनी मृतांना श्रद्धांजली वाहिली, त्यांच्या स्नायूंना हुतात्मे म्हटलं आणि एक चौकशी समिती नेमली. समितीला मेलेल्यांच्या घरी जाऊन पाहणी करायची होती. तिथे जायला कुणी तयार होईना. तेव्हा कुणीतरी वासूनानांचं नाव सुचवलं. समितीत मान हलवायला एकजण लागतोच.

दाजीसाहेब पुढे, समिती मागे, अशी पाहणी सुरू झाली. शिंपले चिखलातून सरकतात म्हणजे किती हळू सरकतात हे तुम्ही बघितलं नसेल. पण सरकत सरकत ते एकेका घरी गेले. प्रत्येक ठिकाणी तेच दृश्य. झाकणं सताड उघडी. घरमालक नाही. स्नायू नाही, तो चिकटलेला होता त्या जागी फक्त पांढुरका डाग. आणि पाठीवरचा बंध मात्र जसाच्या तसा. झाकण जरा दाबलं की परत उघडायचा. मालक गेला याची त्याला खबरच नव्हती.

समितीतला एक जुना शिंपला चाचरत म्हणाला की, स्नायू दमत असावा, आपण सगळे एकमेकांना खेटून राहिलो तर तारामाशाला मिठी मारायला जागा मिळणार नाही. दाजीसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथल्या तिथे मिटला. हुतात्मा दमतो असं म्हणायची वसाहतीत पद्धत नव्हती.

तेव्हा वासूनाना बोलले. त्यांना स्वतःलाच कळलं नाही की आपण बोलतो आहोत. ते शेवटच्या घरातल्या बंधाकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"सगळे गेले. हा एकटाच कसा शिल्लक?"

 दाजीसाहेब वळले. समिती वळली. कुणीही हसत नव्हतं.

"नाना," दाजीसाहेब म्हणाले, "परत बोला."

नाना परत बोलले. दुसऱ्या खेपेला त्यांनाही ते वाक्य पटलं. तिसऱ्या खेपेला ते आपण फार दिवस विचार करून काढलं आहे असं त्यांना वाटायला लागलं. मग ते थांबेचनात. मेलेला शिंपला कुणी कधी मिटलेला पाहिला आहे का, त्यांनी विचारलं. कुणीच पाहिला नव्हता. मेलेला प्रत्येक शिंपला उघडाच असतो. म्हणजे उघडल्यामुळे मरण येतं. मग उघडतो कोण? बंध. जिवंतपणी रात्रंदिवस झाकणं उघडायची खटपट कोण करतो? बंध. आपला शूर स्नायू जिवाच्या आकांताने मिटत असताना त्याच्या विरुद्ध, घरात बसून, तारामाशाच्या बाजूने कोण ओढतो? आणि घर बुडाल्यावर ज्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नसतो तो कोण?

मेल्यावर मिटायला आत कुणी उरत नाही म्हणून झाकणं उघडी पडतात, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. तुम्ही लहान आहात, तुमच्या लक्षात येतं. समितीवर मोठी माणसं होती.

दुसऱ्या भरतीला सगळी वसाहत नानांचं वाक्य म्हणत होती. मुलं खेळताना म्हणत होती. ज्या बंधाच्या जोरावर आपण तोंड उघडून हे म्हणतो आहोत त्याच्याविषयीच म्हणतो आहोत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दाजीसाहेबांनी भाषणात नानांना द्रष्टे म्हटलं. ज्या मामाने लग्नात खाकरून त्यांना उघडलं होतं, तो आता आपण त्यांचे सासरे लागतो असं सांगत फिरू लागला.

नाना घरी आले ते तरंगतच. आवडाबाई जेवत होती. तिला जेवण फार प्रिय. भरतीचा पहिला लोट आला की ती सगळ्यांच्या आधी उघडायची आणि सगळ्यांच्या शेवटी मिटायची, आणि त्यावरून टोमणे मारणाऱ्यांना ती दोन जास्तीचे टोमणे परत करायची. नानांनी तिला सगळं सांगितलं. बंध फितूर आहे. तो कापायचा ठराव होणार आहे. ठरावाला नानांचं नाव देणार आहेत.

आवडाबाईने तोंडातला घास गिळला.

"अहो, तो उघडतो म्हणून दोन घास पोटात जातात. तो कापल्यावर उघडायचं कुणी?"

 उत्तर नसलं की नाना चिडत. ते म्हणाले की तिला सार्वजनिक गोष्टीतलं काही कळत नाही, तिला फक्त खाणं कळतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मान मिळतोय तर तिला बघवत नाही. ती म्हणाली की मान खुशाल मिळवा, पण माझ्या पाठीला हात लावायचा नाही. मग ती परत जेवायला लागली. नाना तिच्याकडे पाठ करून मिटले. पण मिटल्यावर, अंधारात, तिचा प्रश्न त्यांना टोचत राहिला. नानांना तो प्रश्न समजला होता, बाळांनो. ते मूर्ख होते असं समजून त्यांना सोडून देऊ नका. ते पुरते मूर्ख असते तर मी त्यांची गोष्ट सांगितली नसती.

ठराव झाला. आता कापणार कोण? शिंपल्यांना हात नाहीत. तेव्हा कांदळाच्या मुळांतून चिंबोरा पुढे आला. चिंबोरा म्हणजे हा एवढा मोठा खेकडा, थाळीएवढी पाठ, दोन जाडजूड नांग्या. त्याला डॉक्टर म्हणत, कारण तो ज्याला म्हणून एकदा बघायचा तो पुढे कधी आजारी पडायचा नाही. चिंबोरा अतिशय नम्रपणे म्हणाला की समाजकार्याची आपल्याला पहिल्यापासून ओढ आहे, आणि हे काम आपण फुकट करू.

मागून एका शिंपलीने विचारलं की मागच्या मोसमात याच डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना फोडून खाल्लं, त्याचं काय. सभेत कुजबुज झाली. दाजीसाहेबांनी तिला समजावलं. ते डॉक्टरांचं खासगी जेवण होतं. हे सार्वजनिक काम आहे. दोन्हींची गल्लत करणं बरं नाही. चिंबोऱ्यानेही नांगी छातीवर ठेवून सांगितलं की तिच्या सासऱ्यांची आठवण आपल्याला अजून येते. सभेला गहिवरून आलं.

त्या नांगीच्या सांध्यात, कवचाच्या दोन तुकड्यांच्या मधे, एक मऊ चिवट पापुद्रा होता. चिंबोऱ्यालाही हाडं नसतात. त्याची नांगी वळते ती त्या पापुद्र्यामुळे. तोही बंधच म्हणायचा. तो कापण्याचा विषय मात्र निघाला नाही.

समारंभ मोठ्या भरतीला ठेवला. सगळी वसाहत उघडून बसली होती, अगदी रांगेने, आणि आपण शेवटचं उघडतो आहोत याचा सगळ्यांना अभिमान वाटत होता. चिंबोरा मधोमध उभा होता. दाजीसाहेबांनी मोठं भाषण केलं आणि शेवटी म्हणाले की पहिला बंध कुणाचा कापायचा याबद्दल दुमत असूच शकत नाही. हा मान वासूनानांचा.

टाळ्या म्हणजे झाकणांचा खडखडाट. सगळे वळून नानांकडे बघत होते. कुणी हसत नव्हतं. नानांना जे हवं होतं ते बरोबर तस्संच मिळालं होतं.

आणि नेमका तेव्हाच आवडाबाईचा प्रश्न पुन्हा टोचायला लागला. उघडायचं कुणी? ते चिंबोऱ्याच्या नांगीकडे बघत राहिले. नाही म्हणावं तर सगळं गेलं. हो म्हणावं तरी सगळं गेलं. अशा वेळी नानांसारख्याला जे सुचतं तेच त्यांना सुचलं.

"दाजीसाहेब," ते घसा साफ करून म्हणाले, "मी मागाहून आहेच. पहिला मान घरच्या लक्ष्मीचा."

वसाहत भारावून गेली. काय हा मोठेपणा, काय हा स्त्रियांविषयी आदर, असं सगळे एकमेकांना म्हणू लागले. आवडाबाई मागच्या रांगेत जेवत होती. तिने वर बघितलं. चिंबोरा तिरका तिरका तिच्याकडेच येत होता. तिने नानांना शोधलं. नाना दाजीसाहेबांच्या शेवाळाकडे बघत होते.

"मला नको," ती म्हणाली. नुसतं तेवढंच. आणि तिने मिटून घेतलं.

आता बघा काय होतं. शिंपला घट्ट मिटला की पाठीवरचा बंध ताणून उभा राहतो. तसा तो उभा राहिला. आवडाबाईने जीव वाचवायला जे करायचं ते केलं, आणि त्यानेच चिंबोऱ्याचं काम सोपं झालं. त्याने मागून नांगी लावली. कट्ट असा आवाज झाला. वसाहतीने जयजयकार केला.

प्रथेप्रमाणे नवऱ्याने जवळ जाऊन विचारपूस करायची. नाना सरकत सरकत तिच्या शेजारी गेले आणि हळूच म्हणाले, "आवडे, झालं. उघड आता."

ती उघडली नाही. नानांना वाटलं, रुसली. त्यांनी झाकणावर टकटक केलं. दोनदा समजूत घातली. मान, प्रतिष्ठा, चार लोक, असं काय काय ते बोलत राहिले. मग आतून काहीतरी हललं. शिंपल्याला जिभेसारखा एक मऊ पाय असतो. आवडाबाईने तो आतून रेटून रेटून झाकणांमध्ये केसाएवढी फट पाडली होती. त्या फटीतून तिचा आवाज आला.

"अहो, मला उघडता येत नाही. सांगा त्यांना."

पाय थरथरला, मागे सरकला आणि फट बंद झाली.

नाना तिथे उभे होते. भरतीचं पाणी भरलेलं होतं. कापून घ्यायला अजून कुणी रांग लावली नव्हती. बायका मुलांना मागे धरून विचारात पडल्या होत्या. जुना शिंपला, तोच, खेटून राहा म्हणणारा, पुन्हा काहीतरी बोलायच्या बेतात होता. नानांनी एक वाक्य बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढं. किंवा तेवढंही नाही, बायकोचंच वाक्य नुसतं पुढे सांगायचं होतं. तिने सांगा म्हटलं होतं. मग दहाजणांनी मिळून तिच्या झाकणांत पाय घातले असते, तिला टेकू दिला असता, आणि पुढच्या कुणाचीही पाठ कापली गेली नसती. लोक हसले असते. हसून हसून मेले असते. बाकी काही झालं नसतं.

"नाना," दाजीसाहेबांनी वरून विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

सगळी वसाहत ऐकत होती.

"समाधानी आहे," नाना म्हणाले. "एक शब्द बोलत नाही."

हशा पिकला. पण हा हशा निराळा होता, तो नानांना नव्हता, नानांसोबत होता. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. एक शब्द बोलत नाही? खरंच? मग बघता बघता रांग लागली. नवरे बायकांना पुढे ढकलत होते, सासवा सुनांना पुढे ढकलत होत्या, आणि सुना मनातल्या मनात सासूचा नंबर कधी लागतो ते बघत होत्या. जुन्या शिंपल्याला कुणीतरी मधेच रांगेत घातलं. चिंबोऱ्याची नांगी थांबेना. जो तो कापून झाल्यावर गप्प व्हायचा. आणि गप्प झालेल्याकडे बघून पुढच्याला धीर यायचा, की बघा, काही त्रास होत नाही. ज्यांना त्रास होत होता त्यांना सांगता येत नव्हतं, इतकाच काय तो फरक.

नानांनी मनाशी ठरवलं होतं की कार्यक्रम संपला की दाजीसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. चारचौघांत नको, एकांतात. पण कार्यक्रम संपत आला तेव्हा नानांचा सत्कार होता. सत्काराच्या मधे असं कसं बोलणार. सत्कार संपला तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळी वसाहत मिटली होती. उघडे उरले होते दोघंच, ते आणि दाजीसाहेब.

"दाजीसाहेब, थोडं बोलायचं होतं," नाना म्हणाले.

दाजीसाहेब प्रेमाने हसले. उघडं राहून बोलायचे दिवस संपले, नाना, असं ते म्हणाले. नानांनी विचारलं, मग तुमचं कधी. दाजीसाहेबांनी सांगितलं की आपल्याला फार इच्छा होती, पण सगळेच मिटले तर मिटून राहा असं सगळ्यांना सांगायला कुणी उरणार नाही, तेव्हा हा त्याग आपल्याला करावाच लागेल. नाना आणखी काही बोलणार तोच पाठीमागे चिखलात पावलं वाजली. नाना घाबरले, आणि घाबरल्यावर शिंपला जे करतो तेच त्यांनी केलं.

कट्ट.

आत काळोख होता. नाना बराच वेळ जोर लावून मिटून राहिले. स्नायू दुखायला लागला. मग पाणी हलायला लागलं. नवी भरती आली असावी. नानांनी जन्मभराच्या सवयीने स्नायू ढिला सोडला आणि झाकण उघडायची वाट बघत बसले.

झाकण उघडलं नाही. उघडणारं कुणी नव्हतंच. श्वास कोंडायला लागला तेव्हा त्यांनी पाय रेटला. पहिल्यांदा काही झालं नाही. परत रेटला, सगळा जीव गोळा करून रेटला, आणि केसाएवढी फट पडली. फटीतून त्यांना शेजारी आवडाबाईची झाकणं दिसली. चिंबोरा तिच्यापुढे बसला होता. तो जोर लावत नव्हता, काही फोडत नव्हता. आतला स्नायू मेलेला, बाहेरचा बंध कापलेला. त्याने डब्याचं उचलावं तसं वरचं झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं.

नानांनी फटीतून जमेल तेवढं ओरडायचा प्रयत्न केला.

"डॉक्टर, तिला सोडा. ती जिवंत आहे. तिला उघडता येत नव्हतं. मला सांगत होती ती."

चिंबोऱ्याने नांगी थांबवली. त्याने आश्चर्याने नानांकडे बघितलं. त्याची वागणूक शेवटपर्यंत नम्रच होती.

"नाना, त्या केव्हाच गेल्या. आणि तुम्हीच तर म्हणालात, समाधानी आहेत म्हणून."

नानांचा पाय मागे सरकला.

मोसम संपायच्या सुमाराला तारामासा वसाहतीवरून फिरत गेला. त्याने दोनचार झाकणांना पाय लावून पाहिले, आत कुणीच नव्हतं, आणि तो पलीकडच्या खाडीत निघून गेला. दाजीसाहेबांनी उंचवट्यावरून वसाहतीला अहवाल दिला. मोहिमेनंतर तारामाशाने एकही शिंपला उघडलेला नाही. एकही. हे अक्षरशः खरं होतं. त्यांनी आभाराचा ठराव मांडला आणि कुणाचा विरोध आहे का असं विचारलं. खाली सगळं शांत होतं. ठराव एकमताने मंजूर झाला.

चिंबोरा खालची शेवटची रांग संपवून आता उंचवट्याकडे निघाला होता, पण तो ठरावाच्या सन्मानार्थ क्षणभर थांबला.

तात्पर्य: घर बुडालं तर शाबूत राहिलेल्यालाच धरावं, कारण तो हाताशी असतो. घरातून वाचवा असा आवाज आला तर तो चारचौघांत बोलून दाखवू नये, लोक हसतात. बायको गप्प असेल तर ती सुखी आहे असं कळवावं आणि पुढचा सत्कार स्वीकारावा. आणि बाळांनो, गोष्ट ऐकून झाल्यावर एकानेही तोंड उघडू नये. तुम्हाला गोष्ट पटली असं मी धरून चालतो.